गप्प म्हणजे बरोबर

सोमवार, ६ जानेवारी

टायरवाल्याने नव्या वर्षाची डायरी दिली. चार टायर घेताना घासाघीस करून माझं तोंड दुखलं, तरी पठ्ठ्या भावात हलला नाही. शेवटी माझी कीव येऊन वरच्या फळीवरून ही डायरी काढली. प्रत्येक पानाच्या तळाशी एकेक उपदेश छापलाय. आजचा, 'हवा रोज बघा, फक्त प्रवासाच्या दिवशी नको.' बघते हो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, छातीत धडधड सुरू झाली की कागदावर लिहून काढा. म्हणून हा उद्योग. एरवी मला लिहायला फुरसत कुठली? मी गाडी चालवायला शिकवते. बरीच वर्षं दुसऱ्याच्या स्कूलमध्ये शिकवलं, गेल्या वर्षी स्वतःचं काढलं. स्कूल म्हणजे एक पांढरी गाडी, तिच्या टपावर पाटी आणि माझ्या बाजूला पायाशी बसवलेला दुसरा ब्रेक. शिकणाऱ्याचं चुकलं तर तो मी दाबायचा. ज्याला शिकवता येतं त्याला तो फारसा दाबावा लागत नाही, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगत असे.

मग मध्यंतरी एका विद्यार्थ्याने गाडी दुभाजकावर चढवली. मी दाबला ब्रेक, पण उशिरा. कुणाला खरचटलंही नाही. एक दिवा फुटला आणि माझा धीर सुटला. तेव्हापासून माझा पाय ब्रेकवरून उठतच नाही. समोर कबूतर दिसलं तरी दाबते. परवा एकाने विचारलं, "मॅडम, गाडीला उचकी लागलीये का?"

डॉक्टरीणबाईंनी श्वासाचे व्यायाम दिलेत आणि चिंतेवरची गोळी, रात्री अर्धी, तीही थोडेच आठवडे. दिवसा घ्यायची नाही, एकदम बंद करायची नाही, आणि संपण्याआधी भेटायला यायचं. मी सगळ्याला हो म्हटलं. हो म्हणायला मला कधीच त्रास होत नाही.

बुधवार, ८ जानेवारी

नवी विद्यार्थिनी. वाचनालयातून निवृत्त झालेल्या एक काकू, साठी उलटलेली. अजून वाचनालयातच बसल्यासारख्या कुजबुजत बोलतात. यजमान गेल्या वर्षी गेले. त्यांची निळी गाडी इमारतीखाली कापड घालून उभी आहे. लेक म्हणते विकून टाक. काकू म्हणतात, "आधी एकदा स्वतः चालवते, मग विकायची का ते ठरवते." मला बाई आवडली.

पण प्रश्न किती!

"मॅडम, विचारू का?"

"विचारा."

"किल्ली फिरवू?"

फिरवली. लगेच, "मॅडम, विचारू का? आता पाय सोडू?" गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत माझी मान 'हो हो' करून दुखायला लागली. मी मनातल्या मनात त्यांचं नाव विचारूका ठेवून टाकलं. मी सगळ्यांचीच नावं ठेवते. सकाळच्या तुकडीत हॉर्नसम्राट आहे, संध्याकाळच्या तुकडीत गचकेबाई.

शेवटी गाडी बाजूला घेतली आणि त्यांना माझा नियम सांगितला. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला तो पाठ आहे. "काकू, मी बोलले तर काहीतरी चुकलंय. मी गप्प बसले की समजायचं, बरोबर चाललंय. तेव्हा विचारायचं नाही, चालवायचं."

"वाचनालयासारखंच की," त्या म्हणाल्या. "तिथेही कुणी बोललं की चुकलं."

घरीही हाच नियम आहे, फक्त तो मी केलेला नाही. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, बाहेरच्या खोलीतच बसून. डोळ्याला भिंग लावलं की घरात कोण आलं, कोण गेलं, पत्ता नाही. मी भांडत नाही म्हणजे मी मजेत आहे, असं ते धरून चालतात.

मंगळवार, १४ जानेवारी

विचारूका पुढे छान नेतात. स्टिअरिंग असं धरतात जसं दुर्मिळ पुस्तक धरलंय. पण रिव्हर्सचं नाव काढलं की हात जोडतात. "मागचं दिसत नाही हो मला. पुढे म्हणाल तिथे जाते."

म्हटलं, आरसे कशाला दिलेत? तर म्हणाल्या, "आरशात तर सगळं उलटं दिसतं." मी कपाळावर हात मारला. आज सहा वेळा उगाच ब्रेक दाबला. सातव्या वेळी काकूंनी कुजबुजून विचारलं, "माझं काय चुकलं?" काहीच चुकलं नव्हतं. मला लाज वाटली.

शुक्रवार, १७ जानेवारी

गोळ्या संपत आल्या. डॉक्टरीणबाईंकडे जायला हवं, पण गेले की त्या दोन गोष्टी सांगणार हे मला ठाऊक आहे. एक, गोळी कमी करू. दोन, काही दिवस गाडीत बसू नका. आत्ता कुठे तुकड्या भरल्यात! स्कूल नवं आहे, एकदा रजा घेतली की लोक दुसरीकडे जातात. मग मी गेलेच नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे गेले. इतक्या वर्षांची ओळख, त्याच्या बायकोला मी गाडी शिकवली. म्हटलं, एक पट्टी दे.

"वहिनी, नवी चिठ्ठी आणा."

"जुनी आहे ना."

"जुनीवर देता येत नाही. नवी आणा, तीन मिनिटांत देतो."

इतका राग आला! माझ्याशी चिठ्ठी-चिठ्ठी खेळतोय. त्याच्या बायकोला आता गाडी कशी लावायची ते विचारायला येऊ दे म्हणावं.

घरी धाकटे भावजी आले होते. आमच्या यांचे भाऊ. हा माणूस सगळं फोनवरून मागवतो. मागे पाय दाबायचं यंत्र मागवलं, ते मांजर घाबरवण्यापलीकडे काही करत नाही. बूट मागवले ते दोन्ही डाव्या पायाचे आले. पण मनाने सोनं. माझा चेहरा पाहून म्हणाले, "काय झालं वहिनी?" मी सांगितलं.

"एवढंच ना? पट्टीचा फोटो पाठवा. आमच्या बॅडमिंटनच्या मित्राने एका ग्रुपवरून हीच मागवली होती. चिठ्ठीबिठ्ठी कोणी विचारत नाही."

बघा! शेवटी अडीअडचणीला घरचं माणूसच उपयोगी पडतं.

बुधवार, २२ जानेवारी

पार्सल आलं. मोज्यांच्या पाकिटात! पट्ट्या दोन, आणि खरंच एक मोजाही. भावजी म्हणाले मोजा फुकट असणार. एकच का, हे त्यांनाही सांगता येईना.

गोळी तीच आहे. म्हणजे पट्टीचा रंग तोच आहे, नाव तेच आहे. शाई जरा ओली होती, माझ्या अंगठ्याला निळं लागलं. पाठीमागे तारीख छापतात ती शोधली, तर ती जागाच रिकामी. असेल, घाईत राहिली असेल. पूर्वीची गोळी मधोमध कटकन मोडायची, ही मोडायला गेलं की भुगा होतो. अर्धा भुगा मोजत कोण बसणार? अख्खीच घेतली.

गुरुवार, २३ जानेवारी

झोप! अहो, काय झोप लागली! सकाळी यांनी चहा केला आणि मला हाक मारली, ती मी ऐकलीच नाही म्हणे. आमच्या लग्नानंतर यांनी चहा करण्याची ही पहिली नाही तरी दुसरी वेळ असेल, आणि ती मी झोपेत घालवली.

आणि चमत्कार म्हणजे, दिवसभर एकदाही ब्रेक दाबला नाही. समोरून कबूतर गेलं, मांजर गेलं, एक ट्रकही गेला. माझा पाय आपला गालिच्यावर ठेवल्यासारखा. हॉर्नसम्राट म्हणाला, "मॅडम, आज एकदम कूल?" मी हसले. भावजींना फोन करून आशीर्वाद दिला.

सोमवार, २७ जानेवारी

कालची रात्र काही विशेष नाही. कधी कधी ही गोळी लागूच पडत नाही. मग आज सकाळी आणखी एक घेतली. दिवसा नको म्हणाल्या होत्या त्या डॉक्टरीणबाई, पण त्या काय गाडीत येऊन बसणार आहेत? आणि सगळी तुकडी खूश आहे. गचकेबाई म्हणाल्या, तुम्ही इतक्या शांत बसता की आम्हालाही धीर येतो. वीस वेळा ओरडून जे शिकवता आलं नाही, ते गप्प बसून शिकवता येतंय. आधी कळलं असतं तर घसा वाचला असता.

सोमवार, २७ जानेवारी

आज तुकडी फार खूश होती. गचकेबाई म्हणाल्या, तुम्ही इतक्या शांत बसता की आम्हालाही धीर येतो.

हे वर कुणी लिहिलंय? अक्षर माझंच आहे. असो. चांगली गोष्ट दोनदा लिहिली तरी चांगलीच.

गुरुवार, ३० जानेवारी

आज दुपारी हे भिंग काढून म्हणाले, "अगं, तू हल्ली फार हळू बोलतेस."

म्हटलं, "मग तर तुम्ही खूश व्हायला हवं."

"तसं नाही," म्हणाले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग पुन्हा भिंग. यांना काही म्हणायचं असेल तर म्हणत का नाहीत कोण जाणे.

मी आज दूध गॅसवर ठेवून बाहेर जाऊन बसले. पातेलं गेलं कामातून. काकूंना दोनदा हॉर्नसम्राटाच्या नावाने हाक मारली. त्या वाईट वाटून घेण्यातल्या नाहीत. उलट विचारलं, "मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम," मी म्हटलं. "गप्प आहे म्हणजे उत्तम. नियम विसरलात का?"

सोमवार, ३ फेब्रुवारी

सर्दी. नाक बंद. सर्दीचं औषध दोन चमचे घेतलं आणि आपली नेहमीची एक. पट्टीतली ही गोळी जरा जाड दिसते. दहाला विचारूका. कारखान्याच्या रस्त्या

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वरचं वाक्य पुरं झालेलं नाही, आणि मी ते पुरं करत नाही. तसंच राहू दे.

मी दवाखान्यात आहे. खिडकीशी पलंग मिळाला आहे, समोर एक झाड आणि गाड्या लावायची जागा. एक गृहस्थ सकाळपासून दोन गाड्यांच्या मधे गाडी घालायचा प्रयत्न करतायत, मला उठून त्यांना सांगावंसं वाटतंय. म्हणजे मी बरी आहे. डायरी यांनी आणून दिली. वाचली का विचारलं तर म्हणाले, "नाही." मग म्हणाले, "फक्त टायरवाल्याचे उपदेश वाचले." खोटं बोलताना यांचे कान लाल होतात.

त्या दिवशी काय झालं ते मला काकूंनी सांगितलं, यांनी सांगितलं आणि काल कारखान्याचा रखवालदारही येऊन सांगून गेला. तिघांचं जुळवून लिहिते, कारण मला स्वतःला काही म्हणजे काही आठवत नाही.

कारखान्याचा रस्ता सरळ आणि रिकामा. आम्ही नेहमी पेट्रोल पंपापर्यंत जातो आणि तिथल्या चौकातून गाडी वळवतो. वळायचं ते मी सांगते. त्या दिवशी मी सांगितलं नाही. काकूंनी मनाशी म्हटलं, मॅडम गप्प आहेत, म्हणजे बरोबर चाललंय. पंप मागे गेला. काकूंना वाटलं, आज पुढचा धडा असेल. तिसरा गिअर टाकला, मी गप्प. चौथा टाकला. आयुष्यात पहिल्यांदा! तरी मी गप्प. "इतका आनंद झाला मला," त्या म्हणाल्या, "आमच्या यांची गाडी मी अशीच नेईन असं वाटलं."

मग त्यांनी तिरक्या नजरेने पाहिलं तर माझे डोळे मिटलेले.

"मग उठवलं का नाहीत हो?" मी विचारलं.

काकू ओशाळल्या. "वाचनालयात झोपलेल्या माणसाला आम्ही उठवत नसू. घरी झोप मिळत नाही म्हणून बिचारे येऊन झोपायचे. वाटलं, दमल्या असतील. गचका बसू नये म्हणून मी आणखी जपून चालवली."

म्हणजे मी मरणाच्या दारात, आणि ही बाई माझी झोप मोडू नये म्हणून खड्डे चुकवतेय!

रस्ता जाऊन बंद कारखान्याच्या फाटकाशी संपतो. फाटक आलं, काकूंनी गाडी थांबवली, गिअर काढला, हँडब्रेक ओढला. सगळं शिकवल्याबरहुकूम. आणि वळून विचारलं, "मॅडम, विचारू का?"

मी उत्तर दिलं नाही. हाताला हात लावला तर गार. ओठ निळसर, आणि श्वास इतका थांबून थांबून की पुढचा येईपर्यंत काकूंचा जीव वर-खाली. त्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. कुजबुजणारी बाई, पण तो हॉर्न ऐकून रखवालदार फाटकावरून उडी मारून आला. काकूंनी रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, गाडी पाठवते, पण लांबून यायचीये, वेळ लागेल. पंपाच्या अलीकडे मोठा दवाखाना आहे, तुम्हाला गाडी चालवता येते का?

काकू सांगतात, त्या क्षणी त्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. आणि मी अर्थातच गप्प.

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना चर, पुढे फाटक. वळायचं तर रिव्हर्स घ्यायलाच हवा. रखवालदाराला फक्त सायकल येते. दोघांनी मिळून मला मागच्या सीटवर नेलं, आणि त्याने तिथे बसून, फोनवरची मुलगी सांगत होती तसं, मला कुशीवर धरलं आणि हनुवटी वर उचलून ठेवली. काकूंनी आरशात पाहिलं. उलटं दिसत होतं ते उलटंच घेतलं. मागे, पुढे, मागे, पुढे. रखवालदार म्हणतो, "ताई, एक चाक चरात गेलंच होतं, पण या बाईंनी असं काढलं की काय सांगू. आणि पूर्ण वेळ मोठ्याने तुम्हाला शिव्या देत होत्या."

"शिव्या?" मी काकूंकडे पाहिलं.

"शिव्या नव्हत्या," काकू पुटपुटल्या. "'बोला, बोला, आता बोला ना' एवढंच म्हणत होते. जरा मोठ्याने."

दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली, तीही रेघेत. मला एक इंजेक्शन दिलं, तसा श्वास ताळ्यावर आला. इथले डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर इंजेक्शन द्यायला कुणी उरलं नसतं. ते ऐकताना हे माझ्या पलंगाशी उभे होते. घड्याळातला बारीकसा स्क्रूही यांच्या हातून कधी सुटत नाही. त्या दिवशी हातातलं भिंग दोनदा खाली पडलं. मी यांचा हात धरला आणि आम्ही दोघंही रडलो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई स्वतः भेटायला आल्या. मला वाटलं, आता धुलाई होणार. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "माझ्याकडे यायची भीती कसली वाटली?" यापेक्षा ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. मी खरं सांगितलं. तुम्ही गाडीतून उतरवाल म्हणून.

"उतरवलंच असतं, थोडे दिवस," त्या म्हणाल्या. "पण स्वतःच्या पायांनी उतरला असतात. स्ट्रेचरवरून नाही."

माझ्या तपासणीत पट्टीवर छापलेलं औषध सापडलंच नाही. सापडलं ते दुसरंच काहीतरी, कितीतरी जास्त ताकदीचं, श्वास मंद करणारं. आणि कुठल्या गोळीत किती, याला काही धरबंध नाही. तळघरात कुणीतरी पीठ मळावं तसं मळून गोळ्या पाडतो. म्हणून एखादी गोळी लागू पडत नव्हती आणि दुसरी डोक्यावर पातेलं घातल्यासारखी पडायची. त्यात मी सर्दीचं झोप आणणारं औषध ओतलं वर.

"पण गोळी दिसायला तशीच होती," मी म्हटलं.

"दिसायला हुबेहूब असती तरी काय?" त्या म्हणाल्या. "चिठ्ठी न विचारता मोज्यांतून आलेली गोळी मी डोळे फाडून पाहिली तरी मला खरी-खोटी सांगता येणार नाही. कुठून आली ते बघायचं."

अंगठ्याला लागलेली शाई, रिकामी तारीख, भुगा. सगळं मीच माझ्या हाताने इथे लिहून ठेवलंय आणि वर 'असेल' म्हटलंय. गाडीखाली तेल ठिबकताना दिसलं असतं तर मी ती गाडी रस्त्यावर आणली असती का?

आता पुन्हा साध्या पायरीने. काय घ्यायचं, किती घ्यायचं, कसं कमी करत न्यायचं, सगळं त्या ठरवणार. मी हो म्हटलं. या वेळी हो म्हणायला त्रास झाला, म्हणजे ते खरं असावं.

सोमवार, १० फेब्रुवारी

घरी आले. भावजी दारातच उभे. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "वहिनी, मीच तुम्हाला मारलं असतं," म्हणाले आणि उंबऱ्यावर बसून रडायला लागले.

"तुम्ही आणून दिलं, घेतलं मी," मी म्हटलं. "आता रडू नका, कामाला लागा. तो बॅडमिंटनवाला मित्र अजून घेतोय का?"

भावजींचा चेहरा असा पांढरा पडला! त्यांना सुचलंच नव्हतं. फोन लावला, तो उचलेना. मग हे, मी आणि भावजी, तिघंही तडक त्याच्या घरी. हे गाडी चालवत होते, आणि मी शेजारी बसून एकदाही ओरडले नाही, यावरून काळजी किती होती ते कळावं. बेल वाजवली. दोनदा, तीनदा. आत काही हालचाल नाही. भावजींनी दारावर दोन्ही मुठी आपटल्या.

दार उघडलं. अंगावर पंचा, डोक्याला साबण. "अरे, माणसाने अंघोळ करायची की नाही?"

भावजींनी त्याला साबणासकट मिठी मारली. नशीब त्याचं, त्याची पट्टी उघडलेलीच नव्हती. बायकोला मोजा बघून संशय आला होता आणि तिने पट्टी कपाटात कोंडून ठेवली होती. त्यालाही एकच मोजा आला होता. भावजी हळूच म्हणाले, "कुठल्या पायाचा?" तेव्हा मात्र मी त्यांना चिमटा काढला.

उरलेल्या सगळ्या पट्ट्या फेकायच्या नाहीत असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्या पाकिटासकट औषध खात्याकडे तपासायला दिल्या, त्या ग्रुपचा फोन नंबरही दिला. भावजींनी तक्रार लिहिली, चार पानं. खात्यातल्या बाई म्हणाल्या, एक पान पुरेल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नवी चिठ्ठी घेऊन मेडिकलवाल्याकडे गेले. त्याने चिठ्ठी वाचली, पट्टी काढली, मागची तारीख मला बोट ठेवून दाखवली, बिल केलं. तीन मिनिटं. मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुझ्या बायकोबद्दल मनात काहीबाही बोलले होते."

"ती तुमच्याबद्दल तोंडावर बोलते," तो म्हणाला. "बऱ्या झालात ना? मग झालं."

काही दिवस माझ्या तुकड्या जुन्या स्कूलमधला सहकारी घेतोय. दोघं सोडून गेले. हॉर्नसम्राट थांबलाय. मला वाईट वाटतं, पण छातीत नाही, पोटात. पोटातलं जेवलं की जातं.

आणि हे! कामाच्या मधे भिंग काढतात आणि विचारतात, "काय गं, गप्प का?" पहिल्या दिवशी गंमत वाटली, दुसऱ्या दिवशी वैताग आला. आज मी खरं उत्तर दिलं, "धडधडतंय जरा." हे उठून शेजारी येऊन बसले. बसूनच राहिले, आणि गिऱ्हाईक दारात ताटकळलं.

शुक्रवार, १४ मार्च

पुन्हा गाडीत बसायला डॉक्टरीणबाईंची परवानगी मिळून आठवडा झाला. धडधड गेलेली नाही, पण आता ती आली की मी श्वास मोजते आणि शिकणाऱ्याला सांगून टाकते, "थांबा जरा, मी घाबरलेय." आश्चर्य म्हणजे कुणी पळून जात नाही. गचकेबाई तर म्हणाल्या, "बरं झालं, मला वाटायचं मीच एकटी."

जुना नियम मोडीत काढला. नवा नियम आहे, मी गप्प असले तर विचारायचं. हॉर्नसम्राट तोंडाने विचारायचा आळस करतो, हॉर्न वाजवतो.

आज काकूंची परीक्षा होती. मी बाहेर कुंपणाशी उभी होते, नखं खात. परीक्षक म्हणजे मुलखाचे घुमे, हातात कागद, तोंडाला कुलूप. काकूंनी गाडी काढली, चौकातून वळवली, रिव्हर्स घेऊन दोन खांबांच्या मधे अशी बसवली की शेजारचे लोक बघत राहिले. आणि मग गाडी थांबवून त्या परीक्षकांकडे वळून काहीतरी म्हणाल्या. परीक्षक दचकले.

नंतर ते माझ्याकडे आले. "बाई, तुमच्या या विद्यार्थिनी दर वळणाला मला विचारत होत्या, 'साहेब, जागे आहात ना?' हे काय नवीन शिकवता?"

"नापास केलंत?" मी विचारलं.

"नापास कशाला करू? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी चौकशी केली," ते म्हणाले, आणि हसले सुद्धा.

रविवार, १६ मार्च

सकाळी काकूंचा फोन. "मॅडम, विचारू का? येता का माझ्याबरोबर?"

निळ्या गाडीवरचं कापड आम्ही दोघींनी मिळून काढलं. आत त्यांच्या यजमानांचा चष्मा होता, काकूंनी तो पुसून होता तिथेच ठेवला. मी शेजारी बसले. पट्टा लावला. आणि सवयीने पाय पुढे केला तर तिथे काहीच नाही. मी दोनदा चाचपून पाहिलं. साधी घरची गाडी ती, तिला दुसरा ब्रेक कुठून असणार?

काकूंनी किल्ली फिरवली. विचारलं नाही. गाडी सुरू झाली, तरी त्या जागची हलवेनात. मला वाटलं, काहीतरी विसरल्या.

"गप्प का आहात?" त्यांनी विचारलं, कुजबुजून नाही, चांगल्या मोठ्या आवाजात.

"भीती वाटतेय," मी म्हटलं.

"मलाही," काकू म्हणाल्या, आरशात पाहिलं आणि रिव्हर्स टाकला.